एकशे एकवीसवाला

"आज काय सापडलं म्हणतो?" कोबीच्या पानापानांत लाल तिखट चोळता चोळता आईने विचारलं.

"नख," डोक-सू म्हणाला. "पिवळं, अर्धवट तुटलेलं नख. किमचीत. आणि ते तुझंच म्हणे."

आईने रबरी हातमोजा काढला, सुजलेली बोटं उलटसुलट करून पाहिली आणि मोजा परत चढवला.

डोक-सूला नुसती शिसारी आली होती. हिवाळ्याच्या तोंडावर कोरियातल्या बूप्यॉंगच्या बाजारात आईच्या दुकानापुढे किमचीसाठी, त्या मुरवलेल्या तिखट कोबीसाठी, रांग लागायची. आता लोक दारावरून जाताना आत डोकावून नाक मुरडत होते. हे सगळं त्या एका घाणेरड्यामुळे. परिसरातल्या लोकांच्या वेबसाइटवर तो बिननावाने लिहायचा. कधी केस, कधी शेंबूड, कधी मुळ्याच्या पाण्यात थुंकी. वाचताना डोक-सूच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. आणि शेवटी दरवेळी तेच: 'म्हातारीला घरी बसवा एकदाचं.'

नाव नसलं तरी त्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या मजकुराशेजारी त्याच्या इंटरनेट लाइनीच्या नंबराचा सुरुवातीचा भाग दिसतो. या नीचाचा नंबर एकशे एकवीसने सुरू व्हायचा. डोक-सू वरच्या मजल्यावर, आपल्या गेमच्या अड्ड्यातल्या काउंटरवरून त्याला उत्तरं द्यायचा, तीही बिननावानेच. त्याचा नंबर अठ्ठावन्नचा. 'मी पाच वर्षांपासूनचं गिऱ्हाईक आहे, असली चव अख्ख्या शहरात नाही,' असं ठोकून द्यायचा.

"बंदच करूया का रे?" आई म्हणाली.

"त्या किड्याला घाबरून? उलट पुढच्या महिन्यात स्टेशनजवळ दुसरं दुकान काढतोय. दोन्हीकडे तुझ्याच हातची किमची. होऊ दे त्याला जळून खाक!"

आई पुढच्या गड्ड्याकडे वळली. मागे गड्ड्यांचा ढीग छताला टेकला होता.

"मला तर वाटतं, समोरच्या, माशांच्या वड्या विकणाऱ्या मा मावशीचंच काम आहे हे," डोक-सू म्हणाला. कालच त्याने भर बाजारात तिला सुनावलं होतं, "मावशी, तुझ्या माशांपेक्षा तुझी जीभ जास्त नासलीय!" बिचारी वड्या तळायची थांबून बघतच राहिली होती.

"तिला उगाच बोललास. ती नाही."

"तुला काय माहीत?"

आईने तिखटाचं पातेलं जवळ ओढलं.

दुपारी वर एकदम बोंबाबोंब झाली. सगळ्यांचे गेम क्षणभर गोठले आणि पुन्हा सुरू झाले. डोक-सूने लक्ष दिलं नाही. अड्ड्यात इंटरनेटच्या दोन लाइनी होत्या. बाहेर जाणारा भार दोघींवर वाटलेला, आणि एक मेली की दुसरी सगळा भार उचलायची. पूर्वी एकच होती, तेव्हा आई खाली मालिका लावायची आणि वर पोरं खुर्च्या आपटायची.

त्याने नखवाल्याला चांगलं झणझणीत उत्तर लिहिलं आणि पाठवलं.

लगेच त्या उत्तराखाली लोकांची हसाहशी सुरू झाली. 'सापडला! शिव्याही हाच देतो आणि गोडवेही हाच गातो!'

डोक-सूने आपल्या मजकुराशेजारी पाहिलं. एकशे एकवीस.

लाइनी बसवून देणाऱ्या सुंग-गीलला त्याने फोन लावला.

"दादा, पहिली लाइन गेलीय," सुंग-गील म्हणाला. "बाहेर रस्ता खणतायत. सगळं दुसरीवरून जातंय सध्या."

"दुसरीचा नंबर एकशे एकवीस?"

"हो. का रे?"

डोक-सूने खुर्च्यांच्या रांगांवरून नजर फिरवली. शेवयांचे उष्टे वाडगे, बोटांना चिकटलेली चिप्सची पिवळी भुकटी, तेलकट माना. यातलाच एक! आपल्याच छपराखाली बसून, आपल्याच लाइनीवरून! "एरवी दुसरीवर कोण कोण असतं? नावं सांग, आज एकेकाची मुंडी पिरगाळतो."

"पोरं नाहीत दादा. पोरं आणि तुझा काउंटर पहिलीवर. दुसरीवर फक्त खालचं दुकान. तूच म्हणाला होतास ना, आईच्या मालिकेपायी गेम अडायला नकोत म्हणून?"

डोक-सू जिना उतरला.

आई उलट्या टबावर पाठमोरी बसली होती. हातमोजे बाजूला काढलेले. त्यानेच घेऊन दिलेला मोठ्या अक्षरांचा मोबाइल तिच्या मांडीवर होता आणि सुजलेल्या बोटाने ती एकेक अक्षर हुडकून दाबत होती. तो तिच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला.

'आज झुरळ निघालं. म्हातारीला घरी'

आई पुढचं अक्षर शोधत होती.