काकांच्या कानातल्या चिपळ्या

"दिग्रसकडं घे," घनश्यामकाका म्हणाले. "चिपळ्या जलद होऊन राह्यल्या."

पियुषचा मित्र कपिल याने दारव्ह्याच्या चौकातून जीप वळवली. शेजारी पियुष दातओठ खात बसला होता. पायाशी कुऱ्हाड. त्याची बहीण उज्ज्वला सकाळीच तांड्यावरच्या प्रेमसोबत निघून गेली होती. लग्न लागायच्या आत दोघं सापडली तर काय करणार, हे पियुषने आईदेखत सांगितलं होतं.

काका जन्मांध. बाजारात चुकामूक होऊ नये म्हणून उज्ज्वलानेच त्यांच्या मोबाइलवर आपल्या फोनचा माग काढणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. पडदा काळाच, नुसता आवाज. ती ज्या बाजूला, त्या कानात चिपळ्या वाजायच्या. जवळ गेलं की जलद, दूर गेलं की संथ. आवाज काकांनीच निवडला होता. गावोगावच्या कीर्तनात मृदंग त्यांचाच असे, अन् बुवांचा अभंग रंगला की डोळ्यांतून पाणीही त्यांच्याच.

"काका पत्ता ऐकून राह्यले का भजन?" कपिलने टोमणा मारला.

पियुषने इअरफोन ओढून आपल्या कानात घातला, मग परत दिला. त्याला नुसती टकटक ऐकू आली. पण निघतानाच त्याने काकांना गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवून खरं सांगायची शपथ घ्यायला लावली होती. माळकरी माणूस, एवढंच तो कपिलला म्हणाला. त्यात सगळं आलं.

दिग्रसला कपिलने चहासाठी जीप हळू केली.

"थांबू नको बाबू, निसटतीन ते," काका म्हणाले. कपाळावर घाम होता. त्यांनी वेळ विचारली. दोन वाजले होते.

पुढं कपाशीची वावरं मागं पडत गेली. काका मधूनमधून एवढंच म्हणत, सरळ चाल.

पुसदच्या बाजारात गर्दी होती. पियुषने कुऱ्हाड दुपट्ट्यात गुंडाळली.

"किती वाजले?" काकांनी पुन्हा विचारलं.

"सव्वातीन. कायले?"

"काही नाही. उतर. इथंच कुठंतरी आहे ती."

पियुष धावत गर्दीत शिरला. काकांनी माळ मुठीत धरली. दारव्हा सोडल्यापासून चिपळ्या संथ होत होत्या. आता कानात काहीच वाजत नव्हतं.