वाढदिवसाचा दगड

"आज तरी कापशील ना?" नवऱ्याने बाल्कनीत डोकावून चौथ्यांदा विचारलं. तिने नुसतंच "हं" केलं आणि दगड कापायच्या करवतीचं पातं पुन्हा पुसलं.

तिच्या दगडवेडाला आजवर नाक मुरडणारा हा माणूस परवा तिच्या वाढदिवसाला स्वतः नदीत उतरून एक दगड घेऊन आला होता. हातात घेताच तिला कळलं. आत स्फटिकांची पोकळी असती, तर तो हलका लागला असता. हा चांगलाच जड होता, म्हणजे आरपार नुसता कातळ. तेव्हापासून त्याच्या हिरमोडाच्या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी तिने मशीन सुरू केलं. पाण्याच्या धारेखाली दगडाच्या दोन फाका झाल्या. आत काहीच नव्हतं, पण ओला कातळ काळाभोर चमकत होता.

"अगं, शाळिग्रामच निघाला की!" म्हणत त्याने एक फाक कौतुकाने काचेच्या कपाटात मांडली.

संध्याकाळपर्यंत फाक वाळून राखाडी पडली. सकाळी तो उठायच्या आत ती वाटीभर पाणी घेऊन कपाटापाशी गेली. पाहते तर फाकेवरून ताजं पाणी ओघळत होतं, आणि नवरा झोपेचं सोंग घेऊन पडला होता.