निरगुडीचं आवतण

"तू कोणाची गं, बाई?" म्हाताऱ्या बाने कालपासून चौथ्यांदा विचारलं.

"तुझीच लेक. सोमी."

तो नुसता हसला. निरगुडीच्या डहाळीने अख्ख्या पाड्याची पीडा उतरवणारा हा भगत. आता त्याला लेकही आठवत नव्हती.

सोमीने ठरवलं, या वेळी डहाळी आपण त्याच्या अंगावरून फिरवायची. रीत त्यानेच लहानपणी बोट धरून नेऊन शिकवलेली. संध्याकाळी झाडापाशी चिमूटभर तांदूळ ठेवून आवतण द्यायचं. सकाळी ज्याच्यासाठी न्यायचं त्याचं नाव झाडाला सांगायचं, की मग घरी पोचेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

तिने संध्याकाळी तांदूळ ठेवले. सकाळी जाऊन पाहते तर शेजारी आणखी एक चिमूट, आणि फांदी धरून बा उभा. "सोमीसाठी नेतो गं माय," तो झाडाला सांगत होता. "लेक माझी. शहरात दवाखान्यात राबते. दमून येईल."

"बा, अरे मीच..."

त्याने ओठांवर बोट ठेवून तिला दटावलं आणि डहाळी खुडली.

कालपासून नाव सांगून थकलेली सोमी गप्प झाली. लहानपणीसारखीच, घरापर्यंत त्याच्या मागून मुकाट चालत राहिली.