हातून झालं

"मेंदूचा आलेख पाहता आरोपीला त्या क्षणी दुसरं काही करणं शक्यच नव्हतं," न्यायाधीशांनी रोजच्याच सुरात वाचलं आणि भांडणाच्या रागात केतकीच्या अंगावर गाडी घालून तिचा जीव घेणारा प्रज्योत सुटला. हल्ली सगळेच सुटत.

केतकीच्या आईनं, शालनबाईंनी, त्याला न्यायालयाच्या दारातच गाठलं. "शिक्षा नको रे बाबा. फक्त 'मी मारलं' एवढं म्हण."

"माझ्या हातून झालं, काकू. मी नाही केलं."

"खोटं का होईना, पण म्हण!" त्यांनी पदर पसरला. तो बाजूनं निघू लागला, तसा त्यांनी हात उगारला.

शिपायानं अडवलं नाही. "मारा, बाई," तो मायेनं म्हणाला, "तुमचाही काही दोष नाही."

शालनबाईंचा हात हवेतच लुळा पडला. लेकीसाठी एवढं एक तरी त्यांना स्वतः करायचं होतं.