तीस फेब्रुवारीची भरती

"बाबा, कोडमधल्या तुमच्या शिव्या काढून टाकू का?" सुनेने स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं.

"राहू देत. चुकणाऱ्याला घरच्यासारखं वाटतं," सासरे म्हणाले.

बंदराच्या कचेरीत उभी हयात घालवून त्यांनी भरती-ओहोटीचं गणित करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली होती, सी++ या भाषेत. आता तिथे सून नोकरीला होती, आणि सगळा कारभार पायथन या नव्या भाषेचा. पायथनमधून हाकेला ओ दिली नाही, तर लायब्ररी मोडीत, असं साहेबांनी सुनेला सांगून टाकलं होतं. नवी लिहायला बाहेरून एक सल्लागारही आणला होता. कचेरी त्याला 'तुफान' म्हणे.

सुनेने जुन्या हेडर फाइली, म्हणजे लायब्ररीतल्या कामांच्या याद्या, कोड लिहून देणाऱ्या एका साधनापुढे टाकल्या. दोन भाषांमधला दुभाष्या कोड त्याने आपणहून लिहिला. घोडं अडलं एकाच जागी: मागून घेतलेली मेमरी परत कोणी करायची? 'ज्याने घेतली त्याने,' असं तिने एका ओळीत बजावलं, आणि पायथनमधून मुद्दाम चुकीची तारीख घातली.

पडद्यावर उमटलं: "गाढवा, आधी कॅलेंडर बघ, मग समुद्र."

"बोलली!" म्हणत सासऱ्यांनी चष्मा पुसला.

सगळ्यांना वापरून बघता यावी म्हणून सुनेने ती कचेरीच्या सामाईक मशीनवर ठेवली.

जुनी ठेवायची की नवी, याच्या निकालाच्या दिवशी सासरे मागच्या खुर्चीत बसले. तुफान उभा राहिला. "एकेक ओळ माझी. जुन्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही."

दोन्हींची उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत जुळली. सुनेच्या भुवया वर गेल्या.

"समुद्र एकच, उत्तरं वेगळी कशी येणार?" तुफान हसला.

"मग नवंच ठेवू," साहेब म्हणाले. "मॅडम, जुनं पुसून टाका."

टाळ्या पडल्या. सासऱ्यांनीही वाजवल्या, जरा जास्तच.

"साहेब, पुसण्याआधी नव्याला तीस फेब्रुवारीची भरती विचारा की," सासरे म्हणाले.

"अहो, फेब्रुवारीत तीस तारीख असते का?"

"नसते, म्हणूनच."

"त्याची काही गरज नाही…" तुफान पुढे सरसावला. पण साहेबांनी तोवर स्वतःच्या हाताने तारीख घातलीसुद्धा.

तुफानाच्या नव्याकोऱ्या प्रोग्रॅमने भिंतीएवढ्या पडद्यावर साहेबांना तत्परतेने उत्तर दिलं: "गाढवा, आधी कॅलेंडर बघ, मग समुद्र."