बीयुनचं कागदाचं घर

शांघायच्या संग्रहालयाचं पत्र येऊन महिना झाला होता आणि बीयुनने अजून उत्तर दिलं नव्हतं. तिथल्या बाईंनी विचारलं होतं एवढंच, की तुमची कलाकृती कोणत्या दालनात ठेवायची? चित्रांच्या, संगीताच्या की नृत्याच्या? बीयुन लिहायला बसायची आणि चहा पिऊन उठायची. चित्रं तिने नाचासाठी सोडली होती, नाच आवाजांसाठी. "तू नेमकं करतेस काय?" हे विचारता विचारताच तिचे वडील वारले. आता चाळिशी उलटल्यावर तिन्ही एकत्र आणायला तिने आईच्या अंगणात बांबू-कागदाचं घर उभं केलं होतं. भिंतींवर समुद्र रंगवला, आत तारा ताणल्या. ती आत नाचली की भिंती डोलणार आणि तारा वाजणार. पण ती कितीही नाचली तरी कागद नुसता सळसळायचा. तारा मुक्याच.

तरीही घर शांघायला धाडायचं म्हणून ती छ्वानजौ शहरात जाऊन मोठी लाकडी पेटी घेऊन आली. टेम्पोतून उतरली तर अंगणात राख.

"आई, घर कुठंय?"

"पोचलं," आई हात झटकत म्हणाली. "आजच, छिंगमिंगच्या दिवशी, अगदी वेळेवर."

बीयुन खालीच बसली. पितरांच्या सणाला कागदाची घरं जाळून मेलेल्यांना पाठवतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? आपण आईच्या अंगणात काय उभं करतोय, ते मात्र ध्यानात आलं नव्हतं.

"ते शांघायला जायचं होतं गं!"

"शांघायला? तुझे बाबा कधी होते शांघायला?" आई चकित झाली. "मला तर भरून आलं. म्हटलं, पोर एवढी शिकली पण बापाला विसरली नाही. फ्रिज तेवढा राहिला होता, तो मी आणून ठेवला. आणि एक स्वयंपाकीण. कागदाचीच."

"स्वयंपाकीण?"

"म्हातारी घेतली. तरणी पाठवायला मी काय खुळी आहे?"

कुंपणावरून वेंगकाकू डोकावल्या. "बीयुन, आमच्या सासूबाईंना दोन मजली कर हो. त्या वाजणाऱ्या तारांसकट."

बीयुन ताडकन उठली. "तारा वाजल्या?"

"वाजल्या म्हणजे! आग आत शिरली तशा भिंती फुगल्या. अशा नाचल्या म्हणून सांगू! मग आतून सूर निघाला. आमचे हे सख्ख्या भावाच्या मयताला रडले नाहीत, ते टोपी काढून डोळे पुसत उभे!"

"कसा सूर? आई, कसा होता?"

आईने ओठ मिटून तो गुणगुणला. गुणगुणताना तिचे हात आपसूक डोलायला लागले.

"पेटी रिकामीच न्यायची का हो?" टेम्पोवाल्याने ओरडून विचारलं. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"बाबांना आवडलं असेल?" बीयुनने हळूच विचारलं.

"आवडायचं सोड. तू काय करतेस, ते निदान दिसलं असेल."

संध्याकाळी बीयुनने शांघायचं उत्तर पोस्टात टाकलं : "दालन नको. घर आज माझ्या सर्वांत कडक टीकाकाराकडे पोचलं. अजून तरी परत आलेलं नाही."