छर्ऱ्यांच्या सात डब्या
"स्वस्त हवी, पण चांगली," असं म्हणत म्हातारा ऑरिन नेब्रास्कातल्या माझ्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या बायकोला जाऊन वर्ष झालं होतं आणि माझ्या नवऱ्याला तीन. मी एकेक एअर रायफल त्याच्या खांद्याला लावून बघायला दिली. शेवटी दीडशे डॉलरची, साध्या स्प्रिंगची, लाकडी दस्त्याची ठरली. "आता हिला कुठला छर्रा मानवतो ते शोधा," मी म्हणाले. "प्रत्येक नळीची आवड वेगळी." सगळ्या छर्ऱ्यांचे नमुने असलेला एक डबा फळीवर होता. तो मी हळूच काउंटरखाली सरकवला आणि त्याला एकच डबी दिली. पुढच्या शनिवारी तो आला. "डावीकडे जातात, बाई." मी दुसरी डबी दिली, कॉफी ओतली. तिसरीतले छर्रे जड निघाले, चौथीतले नळीत अडकायचे, पाचवीतल्यांना तर हातभर अंतरावरचा डबासुद्धा सापडेना. "रायफल वाईट की तुमचे डोळे?" मी विचारायची. "कॉफी वाईट," असं म्हणून तो कप पुन्हा पुढे करायचा. आठव्या शनिवारी त्याची मुलगी आली. "बाबांना शिकागोला नेलंय, माझ्याकडे. फ्लॅटमध्ये रायफल कशाला? परत घ्याल?" तिने पिशवी काउंटरवर रिकामी केली. पाच छर्रे एकाच भोकातून गेलेला नेमाचा कागद निघाला. त्यावर तारीख होती, रायफल घेतल्याच्या दुसऱ्याच दिवसाची. खाली सात डब्या होत्या. त्यातल्या सहा उघडलेल्याच नव्हत्या.